डिंकाचं पाणी

"वाटेत काय खायला घातलंस हिला?" निर्वासितांच्या छावणीतल्या डॉक्टर इजलालने विचारलं. तिचा हात बाजेवर निपचित पडलेल्या नजातच्या पोटावर होता.

सित्तनाने पदराची गाठ सोडली. आत हशाब बाभळीच्या डिंकाचे खडे होते.

"हेच. पाण्यात भिजवून. गाव पेटलं तेव्हा हाताला एवढंच लागलं."

"नुसता डिंक? एवढ्याशा पोरीला?"

"मग काय दगड घालू? आमचे बाप्ये डिंक काढायला रानात जातात, तेव्हा यावरच तर जगतात. शेंबडं पोरही सांगेल बाई तुम्हाला!"

इजलालही सित्तनासारखी सुदानातल्या कोर्दोफानचीच. तिचे मामाही रानातून परतले की छाती फुगवून हेच सांगायचे. वाटेत भेटलेल्या धनगरांकडचं उंटिणीचं दूध ते घटाघटा प्यायचे, पण त्याचं नाव काढायचे नाहीत. दूध म्हणजे पिणं, ते जेवणात कोण धरतो? वा रे मर्द! त्यांच्या बढाईवर भरवसा ठेवून ही बाई लेकरू खांद्यावर टाकून चालत आली होती.

इजलालने चमच्याने दूध पाजून पाहिलं. ते ओठांच्या कडेने ओघळलं. सलाइन लावायला तिने इवलासा हात धरला आणि धरूनच राहिली. नजात गेली होती.

सित्तना रडली नाही. "पोट रिकामं नव्हतं हो तिचं," ती म्हणत राहिली. "रोज डिंकाचं पाणी पाजत होते."

"डिंक आपल्याला पचत नाही गं," इजलालच्या तोंडून निघून गेलं. "आतड्यात बारीक जीव असतात, त्यांचं ते खाणं."

"मग मी एवढी वाट कुणाला भरवलं?"

आपण हे का बोललो, असं इजलालला झालं. ती घाईने म्हणाली, "चांगले असतात ते. माणसाच्या उपयोगाचे. तुझ्या डिंकावर वाढले असतील."

सित्तनाने लेकीच्या पोटाकडे पाहिलं.

"ते मेले का हिच्याबरोबर?"

इजलालला खोटं बोलवेना. "नाही. लगेच नाही मरत."

आंघोळ घालायला बायका पाण्याची बादली घेऊन आल्या. सित्तनाने लेकीच्या पोटावर तळहात ठेवला.

"जरा थांबा गं बायांनो," ती म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन जगलेलं कुणीतरी आहे अजून आत."