स्टुलावरची ड्युटी

निवृत्त झाल्यावर काकांनी माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेयर खाली काढला, त्याला आवाज वाढवणारा नवा प्री-ॲम्प जोडला, आणि गाण्यामागे सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज यायला लागला. प्लेयरच्या पत्र्याला बोट लावलं की तो आवाज गप्प. काकांचं बोट लागलं तर म्हणे सुई उडते, म्हणून काका आरामखुर्चीत डोळे मिटून, आणि काकू शेजारी स्टुलावर बोट लावून.

“तिकडे भाजी चिरायची पडलीय आणि मी इथे खुंटीसारखी बसलेय,” काकू कुरकुरायच्या. पण काकांकडून एकेका रेकॉर्डचे किस्से ऐकताना दुसरी बाजूही कधी संपली, ते कळायचं नाही.

शेवटी काका बाहेर गेल्याचं साधून काकूंनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने प्लेयरच्या मागे डोकावलं आणि तो हसला. “काकू, अर्थिंगची वायर तुटलेली नाहीये. कुणीतरी स्क्रूमधून काढून, छान गुंडाळून, वर टेप लावून ठेवलीय.” त्याने ती जोडून दिली.

संध्याकाळी रेकॉर्ड स्वच्छ वाजली. “आपोआप बरा झाला वाटतं,” काका पडेल आवाजात म्हणाले. “सुटलीस बाई तू.”

काकू भाजी चिरायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुई टेकते न टेकते तोच पुन्हा ‘घूंऽऽ’. काकांनी हाक मारायच्या आतच काकू स्टूल घेऊन हजर.


काका चक्रावून बघत राहिले. या वेळी वायर काही त्यांनी काढली नव्हती.