हसत चढलेला चढ

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा, एका चढाची गोष्ट सांगतो.

जुन्या दगडी फरसबंदीची ती उभी गल्ली गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीमुळे घरोघरी पोचली. जाहिरातीत तिथलेच निवृत्त पोस्टमनकाका खांद्याला पिशवी अडकवून तो चढ हसत हसत चढतात, ना धाप ना घाम. तेव्हापासून लांबलांबून लोक येतात, अर्ध्या वाटेत बसकण मारतात आणि म्हणतात, "धन्य ते काका!"

एकदा काकांची नात शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन माथ्यावरच्या त्यांच्या घरी आली. "माझे आजोबा आजही तस्सेच चढतात," असं छातीठोक सांगून बसली होती बिचारी. मैत्रिणी व्हिडिओ काढायला मोबाईल सरसावून उभ्या. इकडे काकांचे गुडघे घरचा उंबरा ओलांडतानाही कुरकुरायचे.

"आजोबा, माझं नाक कापू नका हं," ती त्यांच्या कानात कुजबुजली.

"अगं, देव आहे पाठीशी. पिशवी आण माझी!"

काकांनी पिशवी अडकवली, देवाचं नाव घेतलं आणि माथ्यावर उभं राहून उताराकडे चक्क पाठ केली. मग भिंतीला एक हात लावून, चेहऱ्यावर तेच हसू ठेवून, ते एकेक पाऊल मागे टाकत खाली उतरले.

 

"आता हे मोबाईलवर उलटं चालवून बघा, पोरींनो," खालून काका ओरडले, "त्या जाहिरातवाल्यानंही हेच केलं होतं, आणि घरी कुणी गुडघ्याला ते तेल चोळायला बसलं, की या म्हाताऱ्याची आठवण काढा!"