टिकलेला फेस

"तास झाला, जरासुद्धा बसला नाही!" वाडग्यातला फेस परीक्षकांपुढे सरकवत सुलक्षणाच्या मार्गदर्शक ठोंबरे मॅडम म्हणाल्या.

सुलक्षणाने वाडग्यावरून नजर काढून घेतली. हरभऱ्याच्या प्रथिनांचा तिचा खरा, खाण्याचा फेस पीएचडीच्या चार वर्षांत वीस मिनिटांपुढे टिकला नव्हता. म्हणून आज तिने वडिलांचा दाढीचा फेस वाडग्यात भरला होता. परीक्षक नुसते बघतील, असा तिचा होरा.

परीक्षकांनी चमचा उचलला.

"आधी मी," म्हणत मॅडमनी कौतुकाने मोठा घास घेतला. त्या थबकल्या. सुलक्षणाकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि घास गिळला.

"चवीचं काम बाकी आहे, सर. तुम्ही नका खाऊ."

परीक्षक गेले, तरी मॅडमच्या ओठाच्या कोपऱ्यात फेसाचा ठिपका तसाच होता. पुसा, एवढं म्हणायलाही सुलक्षणाची जीभ उचलेना.