लुमाली

काकूंनी इस्त्री खाली ठेवली नाही. दारात तीन मुलं उभी राहिलेली त्यांनी पाहिली आणि गठ्ठ्यातली पुढची चादर ओढून घेतली.

हॉस्पिटलच्या तळघरातली ती धुलाईची खोली होती. भिंतींना वाफेचा घाम सुटला होता. मुलगा गेल्यावर चौथ्याच दिवशी काकू इथे कामावर हजर झाल्या होत्या, आणि तेव्हापासून एकही सुट्टी घेतली नव्हती, असं फाटकावरच्या रखवालदाराने मुलांना सांगितलं होतं.

"काकू, आम्ही..." टकळी म्हणाली आणि गप्प झाली. तोंड मिटत नाही म्हणून मित्रांनीच तिला ते नाव दिलं होतं. आज वाटेत पाठ केलेलं वाक्यसुद्धा तिला आठवेना.

तिच्यामागे थोरला आणि गिटारवाली एकमेकांना खेटून उभे होते. त्यांचा गट मुळात चौघांचा. चार घरांतली चार पोरं, घरोघरची भाषा वेगळी. शाळांत, कारखान्यांत, वृद्धाश्रमात जाऊन ते आपापल्या घरची गाणी म्हणायचे, नाचायचे. नियम एकच होता. प्रत्येकाचं गाणं चौघांनाही तोंडपाठ हवं. चौथा लंबू, काकूंचा एकुलता एक. त्याची भाषा या शहरात फारशी कुणाला येत नव्हती. त्याचं गाणं वल्हवण्याचं होतं. तिसऱ्या ओळीला सगळ्यांनी कमरेत वाकून वल्हं ओढायचं आणि 'लुमाली' म्हणून हाक द्यायची. शाळेतली मुलं ती हाक देतच घरी जायची.

चार महिन्यांपूर्वी एका दुपारी लंबूला तालमीला यायला उशीर झाला. टकळीने फोन केला, "अरे, पाय उचल की जरा!" त्याने सायकल दामटली. चौकात ट्रक आडवा आला.

त्याचं गाणं तिघांनी सोडलं नाही. त्याने शिकवलं होतं तसंच, अक्षर न् अक्षर, ते म्हणत राहिले. गेल्या आठवड्यात स्पर्धेची पहिली फेरी झाली. परीक्षकबाईंना नेमकी ती भाषा येत होती. त्यांनी तिघांना बाजूला बोलावलं.

"लुमाली असा शब्दच नाही त्या भाषेत. एखाद्याच्या भाषेची अशी वाट लावू नये. शब्द सुधारा, नाहीतर गाणं गाळा. रविवारच्या फेरीत हेच ऐकलं तर मी बाद करीन."

बाहेर आल्यावर थोरला म्हणाला, गाळू या. गिटारवालीनेही होकारार्थी मान हलवली. टकळी मात्र हटूनच बसली. ज्या घरात गाणं आहे तिथे जाऊन विचारायचं, ती म्हणाली. पण त्या घराची पायरी चढायचा धीर तिलाच होत नव्हता. म्हणून ते इथे आले होते.

अडखळत का होईना, तिने सगळं सांगितलं. काकूंनी चादरीची घडी घातली.

"चार महिने तुम्हाला इकडचा रस्ता सापडला नाही," त्या म्हणाल्या. "आता शब्द अडला तेव्हा बरोबर सापडला."

थोरल्याने मान खाली घातली. गिटारवाली दाराकडे सरकली.

"त्या दिवशी फोन मी केला होता, काकू," टकळी म्हणाली. "घाई मीच केली."

"माहीत आहे. त्याच्या फोनमध्ये शेवटचं नाव तुझंच होतं."

इस्त्री पुन्हा फिरू लागली. एक चादर झाली, दुसरी झाली. मुलांना जाता येईना, थांबता येईना.

"म्हणा," काकू अचानक म्हणाल्या. "ऐकू दे काय चुकतंय ते."

थोरल्याने टेबलाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. तिघं हळू आवाजात म्हणू लागली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीला टकळीची कंबर सवयीने वाकली, हात पुढे गेले, आणि तिघांनी मिळून हाक दिली.

काकूंचा हात थांबला. करपल्याचा वास सुटला. पलीकडच्या टेबलावरच्या बाईने धावत येऊन इस्त्री उचलली, तेव्हा चादरीवर तांबूस डाग पडला होता. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही.

"पुन्हा. तेवढीच ओळ."

त्यांनी पुन्हा म्हटली. काकूंनी आणखी एकदा म्हणायला लावली. मग त्या स्टुलावर बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. टकळीने खिशातून कागद आणि पेन काढलं.

"खरा शब्द काय आहे, काकू? आम्ही लिहून घेतो."

"रुमारी. रुमारी म्हणजे होडी."

टकळीने तो ठळक अक्षरांत लिहिला आणि खाली रेघ ओढली. थोरल्याने सुटकेचा श्वास सोडला. "चला, एकदाचं झालं. रविवारी असंच म्हणू."

"नाही," काकू म्हणाल्या. "म्हणताय तसंच म्हणा. बदलू नका."

"पण त्या बाद करतील आम्हाला!"

"करू देत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. टकळी पुढे झाली, आणि काकूंच्या गुडघ्याशी खाली बसली.

"काकू, आम्ही म्हणतो तो शब्द चुकीचा आहे ना?"

"चुकीचाच आहे," काकू म्हणाल्या. "तीन वर्षांचा होता तो. 'र' म्हणता यायचा नाही त्याला."