शंभराच्या आत

"कार्डावरचं वय खोटं आहे," नार्तेम म्हणाली. "लिहून घेणाऱ्याने यांचे पांढरे केस बघितले आणि दिलं ठोकून."

डॉक्टर वेनिंग तिच्याकडे बघत राहिली. भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर म्हातारी दोन दिवस बसून होती. कमरेला गुंडाळलेल्या सारोंगवर पाकाचे डाग तसेच होते. परवा गुळासाठी उकळत ठेवलेली माडाच्या रसाची कढई कलंडली आणि तिचा नवरा रासिकुन पोटापासून गुडघ्यांपर्यंत भाजून निघाला.

वेनिंगने तिला नुकतंच सांगितलं होतं, माणसाचं वय आणि भाजलेल्या कातडीचे टक्के यांची बेरीज शंभराच्या पुढे गेली की आशा थोडीच उरते. रासिकुनचं वय चौऱ्याहत्तर, भाजला होता एकतीस टक्के.

"मग खरं वय किती, आजी?"

"माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मी पासष्टची." नार्तेमने बोटं मोजली. "म्हणजे झाले त्र्याण्णव. शंभराच्या आत आहेत की!"

"लहान नवऱ्याला कुणी 'कांग' म्हणतं का? थोरल्या भावाला म्हणतात तसं? दारातून तीच हाक ऐकतेय मी तुमची."

नार्तेमने मान खाली घातली. "सवय हो ती."

"नुसत्या वयाचं नाही, आजी. त्यांना साखरेचा आजार आहे. लवंगेच्या सिगारेटींनी फुप्फुसं खराब झालीत. पाठीची चांगली कातडी काढून जखमेवर लावायची, तर भूल सोसायला हवी. चाळिशीचा माणूस असता तर मी विचार करत बसले नसते."

"सिगारेटीचं सांगून सांगून माझी जीभ झिजली. पण रोज पंचवीस माड चढतात ते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तुमचा चाळिशीचा दाखवेल चढून?"

वेनिंगने पेन उचललं. "वय चौऱ्याहत्तरच राहील. पण माड चढतात हे मी लिहिते."

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. रासिकुनने भूल सोसली. पोटावरची नवी कातडी धरली. जंतूंच्या भीतीने आत मात्र कुणाला सोडत नसत. नार्तेम काचेतून बघायची. रोज संध्याकाळी तो माडावरून उतरला की ती त्याची घामेजलेली मान पुसायची. आता ती वेळ झाली की तिला हातांचं काय करावं ते कळेना. ती काच पुसत बसायची.

अठराव्या दिवशी ताप चढला. लघवी आटली. वेनिंग स्वतः बाहेर आली आणि तिने नार्तेमच्या अंगावर हिरवा झगा चढवला. मग टोपी, मास्क, हातमोजे.

रासिकुनचे डोळे अर्धवट उघडे होते. तिने ओल्या फडक्याने हळूहळू त्याची मान पुसली. कानामागे पुसलं. पुन्हा मान पुसली.

"सिस्टर," तो पुटपुटला, "बाहेर माझी बायको असेल. तिला घरी पाठवा. जेवलीसुद्धा नसेल."

तिने मास्क नाकावर नीट ओढला.

"पाठवते हं," नार्तेम म्हणाली, आणि स्टूल खाटेजवळ ओढून बसली.