डावा कान

"डाव्या बाजूनं काऊन बोलून राह्यली? मले ऐकू येत नाई ना," चंदन म्हणाला.

"तेच पाहून राह्यली," त्याची बहीण आचल म्हणाली. "हे डॉक्टरले नको सांगजो, दादा."

वैमानिकाच्या मेडिकलमध्ये डोळे, छाती, रक्तदाब, सगळं पास झालं होतं. आता कान. त्यात नापास झाला, की विमान जन्मभर गावी, आंजीच्या वावरात उभं राहून मान वर करूनच पाहायचं.

पण चंदनकडे इलाज होता. लहानपणापासून तो ओठ वाचत आला होता. मास्तर मनातल्या मनात द्यायचे ती शिवीसुद्धा त्याला कळायची.

म्हातारे डॉक्टर बोलायचे गालातल्या गालात. "मी मागून हळूच गावांची नावं घेईन. तू मोठ्यानं सांगजो. एक कान दाबून."

चंदन पाठ करून बसला. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. काचेत डॉक्टर स्वच्छ दिसत होते.

आधी उजवा कान. सेलू. देवळी. बरोबर.

मग चंदनने उजवा कान तळव्याने गच्च दाबला. जग बंद झालं. काचेत डॉक्टर ड्रॉवरवर वाकले, सरळ झाले. गाल किंचित फुगलेला. दाढ दुखत असावी बिचाऱ्यांची. ओठ हलले.

"आर्वी!"

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. इतक्या लवकर उत्तर त्यांना अपेक्षित नसावं. जबडा पुन्हा हलला.

"पुलगाव!"

पुढचं नाव लांबलचक होतं. चंदन डोळे फाडून बघत राहिला.

"कारंजा घाडगे!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आता जबडा सावकाश, गोल गोल फिरत होता. हे अवघड होतं.

"बोरगाव... बोरगाव मेघे!"

दाराच्या पडद्याआडून आचलने शाबासकीचा अंगठा उंचावला.

डॉक्टर उठले. कोपऱ्यातल्या बेसिनवर वाकले, चूळ भरली, तोंड पुसत आले. चंदनचा हात त्यांनी कानावरून अलगद काढला.

"मी जरासा तंबाखूचा खर्रा काय चघळला, तू त पुरा जिल्हा फिरून आला बे," ते म्हणाले. "मी अजून एकही नाव घेतलं नाई."