टोपणभर

टेबलाच्या मधोमध कांद्याचे भाव उमटले होते. उलट्या अक्षरांत, फिकट, पण वाचता येतील इतके स्पष्ट. धूळ बसू नये म्हणून पॉलिशवर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि ते काढताना कागदाचा एक पापुद्रा तिथंच चिकटून राहिला होता. द्वारकाबाईंनी कडेला अंगठा टेकवून पाहिला. अंगठ्याच्या साऱ्या रेषा टेबलावर उतरल्या.

औरंगपुऱ्यातल्या गल्लीतलं हे दुकान त्यांच्या नवऱ्याचं, बद्रीनाथचं. ताजं पॉलिश मारलेलं असलं की इथं पाऊल टाकताच डोळे चुरचुरायचे. आज नुसता थिनरचा वास होता. भावाची तेरवी उरकून त्या सकाळीच पिशोरहून परतल्या होत्या. त्यांनी जेवणाचा डबा फळीवर ठेवला आणि खालच्या फळीकडे पाहिलं. हार्डनरची बाटली त्या ठेवून गेल्या होत्या तिथंच होती. टोपणावर धूळ होती.

टेबल लासूर स्टेशनच्या नानासाहेबांचं. ते टेम्पो घेऊनच आले होते. बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, पेपर आमच्या घरी येतो, टेबलावर छापून द्यायची गरज नव्हती. बोलले हसतच, पण टेम्पो रिकामा घेऊन गेले. हे पुंजारामनं सांगितलं. मिशा फुटायच्या वयात तो या दुकानात कामाला लागला होता, आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. सांगताना तो उस्तादाकडे बघत नव्हता.

बद्रीनाथ कारण शोधत होता. आधी त्याला हवेचा संशय आला. पण दारात वाळत घातलेली फडकी कडक झाली होती. मग थिनर. त्यानं काचेवर चार थेंब टाकले, ते डाग न ठेवता उडून गेले. मग लाकूड. टेबल आडवं करून त्यानं खालच्या कोऱ्या भागात नख रोवून पाहिलं, लाकूड खडखडीत वाळलेलं होतं. एकेक शंका त्यानं नीट तपासली आणि नीट बाजूला ठेवली. द्वारकाबाई त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. हात अजून जसेच्या तसे होते.

"हार्डनर?" पुंजारामनं हळूच विचारलं.

"ते काय इसरायची गोष्ट हाय का?" बद्रीनाथ म्हणाला. "त्याच्याबिगर पॉलिश जन्मात वाळत नाय. तुला कोणी शिकवलं हे?"

"तुम्हीच, उस्ताद."

मग बद्रीनाथनं दाखवायलाच घेतलं. लाकडाचा एक तुकडा उचलला, डबड्यात पॉलिश ओतलं, वर थिनर ओतला. डबड्याला एक टोपण हार्डनर, जास्ती झालं तर तडे जातात, कमी झालं तर चिकटतं, असं सगळं बरोबर सांगत त्यानं काडीनं ढवळलं, ब्रश बुडवला आणि तुकड्यावरून एका सरळ रेषेत ओढला. बाटली खालच्या फळीवरच होती.

पुंजाराम बाटलीकडे बघत होता. तिथून त्याची नजर द्वारकाबाईंकडे गेली आणि लगेच खाली वळली.

गेल्या उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं. बद्रीनाथ डबडं ढवळून कोपऱ्यावर चहाला जायचा, पुंजाराम मागं लाकूड घासत असायचा. तेवढ्यात द्वारकाबाई जेवण घेऊन यायच्या, टोपणभर हार्डनर डबड्यात टाकायच्या, काडी फिरवायच्या आणि डबा उघडून बसायच्या. बद्रीनाथच्या विसरण्याबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते त्यांनी मुलाला कळवलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. आज सांगू, उद्या सांगू करत उन्हाळा सरला, पावसाळाही गेला. पॉलिश वाळत होतं. ते वाळतंय तोवर काही झालेलंच नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

बद्रीनाथनं ब्रश पुसला. बाकी कशातच खोट नाही म्हणजे पॉलिशच्या डब्यातच भेसळ झालीय, तो म्हणाला. डबा तर त्यानं स्वतः सीलबंद आणला होता, आणि दुकानात माणसं दोनच.

"पुंजाराम, मी तुला भावासारखं वागवलं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "उद्यापासून येऊ नको."

पुंजारामनं तोंड उघडलं. द्वारकाबाईंना वाटलं, तो आता बोलणार, आणि आपल्याला बोलावं लागणार नाही. पण खुंटीवरचा सदरा काढून त्यानं खांद्यावर टाकला, थिनरच्या फडक्यानं बोटं पुसली, एकेक बोट, नखांच्या कडांपर्यंत.

"बरं, उस्ताद," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

द्वारकाबाई वाकल्या. हार्डनरची बाटली उचलून त्यांनी पदरानं टोपणावरची धूळ पुसली. टोपण काठोकाठ भरलं, थेंबही न सांडता डबड्यात ओतलं आणि काडी फिरवली. हाताला सवय होती, ती लपण्यासारखी नव्हती. थोड्या वेळानं डोळे चुरचुरू लागले.

बद्रीनाथ डबड्याकडे बघत होता. मग बाटलीकडे. मग बायकोच्या हाताकडे.

"अहो," द्वारकाबाई म्हणाल्या, "पुंजाराम उद्या येईल. तुम्ही येऊ नका."